विहीणबाई पेरूला गेल्या

पृथ्वीच्या पाठीवर जिथं जिथं म्हणून बस जाते, तिथं तिथं आमच्या विहीणबाईंचं मन बसच्या आधी जाऊन पोचलेलं असतं. कुणाला देवाचं वेड असतं, कुणाला सोन्याचं, कुणाला शेजारच्या घरात काय चाललंय त्याचं, विहीणबाईंना बसचं. विमानाला त्या प्रवास मानतच नाहीत. "माणसाचं पार्सल करून पाठवत्यात ओ. त्यात बघायचं काय?" आगगाडी रुळावरून जाते, म्हणजे तिला स्वतःचं डोकं नाही. मोटारीत सगळी ओळखीचीच माणसं, मग घरात बसून गप्पा मारलेल्या काय वाईट? बस मात्र बस. ती वळते, थांबते, धावत येणाऱ्यासाठी रेंगाळते, आणि तिच्यात शेजारी बसलेलं परकं माणूस आधी आपल्या मांडीवर पिशवी ठेवतं आणि मग आपली सगळी हकिगत सांगतं. "इचलकरंजी ते कोल्हापूर जाईपर्यंत एका बाईनं मला तिच्या तिन्ही सुनांचं सांगितलं," असं त्या एखादा ग्रंथ वाचून संपवल्याच्या समाधानानं सांगत.

विहीणबाई म्हणजे माझ्या जावयाची आई. मी मूळची पुण्याची. नव्वदच्या दशकात नवऱ्याबरोबर न्यूझीलंडला आले, इथल्या परीक्षा देऊन पुन्हा एकदा फार्मासिस्ट झाले आणि वेलिंग्टनशेजारच्या लोअर हटमधल्या एका औषधांच्या दुकानात पांढरा कोट घालून जी उभी राहिले ती राहिलेच. लेक इथंच वाढली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तिनं वेलिंग्टनमध्ये कॉम्प्युटरचं काम करणारा इचलकरंजीचा मुलगा पसंत केला, आणि दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला त्याचे आईवडील मुलाचा संसार बघायला म्हणून लांबच्या मुक्कामाला आमच्या गावात येऊन दाखल झाले. माझे यजमान त्याच्या दोन-तीन वर्षं आधी गेले होते. दुकान, घर आणि रविवारी लेकीकडे जेवण, एवढ्यात माझं जग मावत होतं आणि त्याबद्दल माझी काही तक्रारही नव्हती.

विहीणबाईंच्या आधी व्याह्यांबद्दल सांगायला हवं, कारण व्याह्यांना गाडी लागते. तशी ती पुष्कळांना लागते. पण व्याह्यांना रिक्षा लागते, बैलगाडी लागते, झोपाळा लागतो. एकदा केस कापून घेताना न्हाव्यानं फिरत्या खुर्चीला प्रेमानं एक गिरकी दिली, तर ते अर्ध्याच कापलेल्या केसांनी घरी परत आले होते म्हणे. सूतगिरणीत सगळी हयात गेली, ती गिरणी घरापासून चालत जाण्यासारखी होती म्हणूनच. न्यूझीलंडला आले ते गोळ्या घेऊन, झोपून, जवळजवळ सामानासारखे. विमानतळावरून लोअर हटला येईपर्यंत त्यांचा रंग दुधीभोपळ्याचा झाला होता. फाटकाशी उतरल्या उतरल्या त्यांनी जाहीर केलं, "आता गाडीत बसायचं ते परत जायच्या दिवशी." आणि एक दिवस सोडला तर ते खरं करून दाखवलं. नदीच्या बंधाऱ्यावरून, लायब्ररीपर्यंत, कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानापर्यंत, ते फक्त चालत. अत्यंत सज्जन, हळू बोलणारा माणूस. गावातली कुत्री त्यांना नावानं ओळखायला लागली होती.

विहीणबाईंचा दिवस मात्र स्टॉपवर उजाडे. पाचवारी साडी, खाली जावयानं घेऊन दिलेले पांढरे बूट, हातात भडंगाचा डबा, अशा त्या पहिल्या बसमध्ये चढत आणि पुढची डावीकडची खिडकी धरत. कुठं जायचंय असा प्रश्नच नसे. बस जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत जायचं आणि तीच बस परत आणील तेव्हा परत यायचं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं आणि त्याची त्यांना गरजही भासली नाही. त्या जगाशी मराठीत बोलत, आणि जग कसं कोण जाणे त्यांना उत्तर देई. एक धिप्पाड सामोअन ड्रायव्हर होता, त्याला त्या चढताना "क्योरा" हा इथला माओरी नमस्कार म्हणत आणि पुढचं सगळं इचलकरंजीच्या भाषेत. त्याला भडंग आवडे. उतरताना तो म्हणे, "स्वीट ॲज!", म्हणजे इथल्या बोलीत "झकास". हा इथला निरोपाचा आशीर्वाद असावा अशी विहीणबाईंची समजूत झाली, आणि तेव्हापासून त्या घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला, अगदी घंटा वाजवून धर्मप्रचाराला आलेल्या दोन गोऱ्या पोरांनासुद्धा, हात वर करून "स्वीट ॲज" म्हणायच्या. मी एकदा त्यांना समजावायला गेले. त्या म्हणाल्या, "असू दे की. गोड बोलत्यात एवढं कळतंय." त्यांच्याकडे बायकाही "मी जातो, मी येतो" असंच बोलतात. सुरुवातीला माझ्या पुणेरी कानाला ते खटकायचं. हळूहळू मला वाटायला लागलं, की "मी जातो" म्हणणारी बाई खरंच जाईल, "मी जाते" म्हणणारीचं काही खरं नाही.

दोन-तीन महिन्यांत विहीणबाईंना देश अपुरा पडायला लागला. "चार तास बसलं की समुद्र येतोय. बसचा घसा गरम झाला न झाला तर उतरा! ह्याला काय देश म्हणायचा?" आईची करमणूक व्हावी म्हणून जावयानं एका शनिवारी त्यांना रिमुटाकाचा घाट ओलांडून वाइरारापाच्या किनाऱ्यावर नेलं. मीही होते. वारा असा, की उभं राहायचं तर एकमेकींना धरून. विहीणबाई पदर आवळून पाण्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्याच्या पल्याड कुठलं गाव?"

"पल्याड गाव नाही आई, डायरेक्ट चिली. दक्षिण अमेरिका."

"तिथं बसा हायत?"

जावयाला नकाशांचा नाद. तो उत्साहानं सांगत सुटला, की तिकडे रेल्वे फारशी नाही, सगळं बसवर चालतं; ज्वालामुखीच्या पायथ्याची गावं, मग वाळवंट, मग मिठाचं मैदान, मग पर्वत; एका बसमधून उतरून दुसरीत चढत महिनोन् महिने वर जाता येतं. इथली पोरं पाठीवर सॅक टाकून तेच करायला जातात. बोलता बोलता त्याचं आईच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि तो थांबला. पण उशीर झाला होता.

रविवारी जेवताना विहीणबाईंनी वरण वाढत वाढत सांगितलं, "मी तिकडं जाऊन येतो." लेकीच्या हातातला चमचा खाली पडला. "आई, आर यू सिरियस? शी इज सिक्स्टी-वन! कुणीतरी सोबत हवं!" आणि हे म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं. जावयानं पाहिलं. व्याह्यांनीही पाहिलं. माझी रजा साठलेली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी मुलीची आई. वरमाईला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. शिवाय खरं सांगायचं तर, त्या क्षणी नाही म्हणायला मला एकही कारण सापडलं नाही, आणि याचंच मला नवल वाटलं.

आमची तयारी बघण्यासारखी होती. माझ्या सॅकमध्ये जुलाबाच्या, विरळ हवा बाधू नये म्हणून उंचीच्या, तापाच्या, उलटीच्या आणि या सगळ्या गोळ्यांनी होणाऱ्या पित्ताच्या गोळ्या. विहीणबाईंच्या सॅकमध्ये मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भडंग, लिंबं, व्याह्यांचा स्वेटर आणि दोन पंजाबी ड्रेस, जे त्यांनी आयुष्यात प्रथमच शिवून घेतले होते. चिलीत, सांतियागोच्या विमानतळावर तिथल्या नियमाप्रमाणे अधिकाऱ्यानं सगळं उघडायला लावलं. विहीणबाईंनी त्याला मेतकुटाची कृती मराठीत सांगितली आणि डबा नाकाशी नेला. तो जोरात शिंकला, मग हसला, लिंबं तेवढी काढून घेतली आणि आम्हाला सोडलं. "माणूस चांगला हुता," त्या म्हणाल्या. आणि बस स्टँडवर पोचलो तेव्हा त्या दारातच थांबल्या. एका रांगेत उभ्या असलेल्या, दुमजली, चकचकीत, देशाच्या पार टोकापर्यंत जाणाऱ्या बस. त्यांनी हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं. तिथं बसला "बुस" म्हणतात हे कळल्यावर तर त्यांनी स्पॅनिशचा विषयच संपवला. "आपलीच भाषा हाय की."

आधी आम्ही दक्षिणेला गेलो, तळ्याकाठच्या एका लाकडी घरांच्या गावात. गावाच्या डोक्यावर पांढराशुभ्र ज्वालामुखी आणि त्याच्या टोकातून सदोदित धुराची एक शेपटी. तो आज कसा आहे हे सांगायला चौकात चक्क दिवे लावलेले. हिरवा असला की निजायचं, लाल झाला की पळायचं. "डोंगराला सिग्नल!" विहीणबाई दिवसभर हसत होत्या. जगभरची पोरं बर्फाच्या कुऱ्हाडी घेऊन वर चढायला निघाली होती. विहीणबाईंनाही जायचं होतं. वाटाड्यानं त्यांच्या वयाकडे पाहिलं आणि अतिशय अदबीनं मान हलवली. त्यांनी हट्ट केला नाही. तळ्याकाठच्या बाकावर बसून त्या दुपारभर त्या डोंगराकडे बघत राहिल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "आमच्या सासूबाई अशाच हुत्या. वर बर्फ. आत सगळं पेटलेलं. आणि अधनंमधनं नुसता धूर." मग काही वेळानं, "वाईट नव्हत्या ओ. कुणी विचारलंच नाही त्यांना, काय पेटलंय म्हणून."

तिथून उत्तरेला. एका बसमधून दुसरीत, हिरव्या शेतांतून करड्या टेकड्यांत आणि मग वाळवंटात. मी बारावीपर्यंत भूगोल शिकले होते, पण वाळवंट इतका वेळ टिकतं हे मला माहीत नव्हतं. झोपून उठावं तर तेच, डबा खावा तर तेच. एक झाड नाही, एक कावळा नाही. मला सारखी झोप यायची. विहीणबाई मात्र झोपायच्याच नाहीत. खिडकीला कपाळ टेकून, एखादा रंगलेला सिनेमा बघताना यावा तसा रंग त्यांच्या तोंडावर आलेला असायचा. मी विचारलं, "विहीणबाई, बघता काय एवढं? काहीच तर नाही."

"तेच की," त्या म्हणाल्या. "काहीच न्हाई. कुणाचं काही बघाय लागत न्हाई."

त्या वेळी मला त्याचा अर्थ लागला नाही.

आम्ही दोघी एकमेकींना "विहीणबाई" म्हणत असू. त्यामुळे वाटेत भेटणाऱ्यांची समजूत झाली, की हा नमस्काराचा प्रकार असावा. धुळीनं माखलेल्या एका गावात खानावळीची मालकीण सकाळी आमच्यापुढं ब्रेड ठेवताना मोठ्यानं "विनिबाय!" म्हणाली, आणि टेबलावरच्या दोन जर्मन मुलींनीही आम्हाला पाहून "विनिबाय!" म्हटलं. विहीणबाईंनी सगळ्यांना हात वर करून "स्वीट ॲज" केलं. त्या मालकिणीला त्यांनी कणीक मळून पोळी लाटायला शिकवलं आणि तिनं त्यांना मक्याच्या पानात गुंडाळून उकडायचं काहीतरी शिकवलं. मी मधे दुभाषी म्हणून उभी, हातात छोटं पुस्तक घेऊन. माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं.

बोलिव्हियात आम्ही जीपनं शिरलो. जीप ही बस नसल्यानं विहीणबाई तीन दिवस जराशा रुसलेल्याच होत्या. मिठाचं मैदान आलं तेव्हा मात्र खाली उतरल्या, वाकून जमिनीला बोट लावलं, चाटलं आणि चहूकडे पांढऱ्या क्षितिजापर्यंत नजर फिरवून म्हणाल्या, "एवढं मीठ, आणि भाजी करायला कोण न्हाई." उंचीनं माझं डोकं ठणकत होतं; माझ्याच गोळ्या मलाच लागू पडत नव्हत्या. त्यांना काही झालं नाही. त्या तिथल्या बायकांसारखा कसल्याशा पाल्याचा चहा पीत आणि मलाही पाजत.

मग पुन्हा बस मिळाली. जुनी, खडखडणारी, टपावर गाठोडी बांधलेली. रस्ता मातीचा, डोंगराच्या कडेनं वळत वळत जाणारा. विहीणबाई खुशीत होत्या. आमच्या पलीकडच्या बाकावर टोपी घातलेला एक म्हातारा एकटाच बसला होता. काही वळणं गेली आणि त्याचा चेहरा बदलायला लागला. ओठ पांढरे, कपाळावर घाम. मला ते दिसायच्या आधीच विहीणबाई उठल्या होत्या. पिशवीतून बाजारात घेतलेलं लिंबू काढलं, नखानं साल ओरबाडली, त्याच्या नाकाशी धरलं, दुसऱ्या हातानं प्लॅस्टिकची पिशवी उघडून ठेवली, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभ्या राहिल्या. बस हिंदकळत होती आणि त्या एका पायावर तोल सांभाळत होत्या. हे सगळं इतकं सराईत, की मी नुसती बघत राहिले. मग माझ्या लक्षात आलं, की बाहेर मोठी लाल-जांभळी दरी उघडली होती. सगळी बस त्या बाजूला वाकून बघत होती. एकट्या विहीणबाई त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

मी उठले. "विहीणबाई, तुम्ही बसा. मी बघते याला."

"असू दे ओ, मला सवय हाय."

"माझा धंदाच आहे तो. बसा म्हणते ना."

त्यांच्या हातातलं लिंबू मी जवळजवळ ओढूनच घेतलं. त्या बसल्या. म्हाताऱ्याला मी गोळी दिली, पाणी दिलं, त्याचं जे व्हायचं होतं ते पिशवीत झालं, आणि तो डोळे मिटून शांत पडला. मी परत जागेवर आले तेव्हा दरी अजून चालूच होती. विहीणबाईंनी माझ्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

"लग्न झालं तवा आम्ही आंब्याच्या घाटातनं रत्नागिरीला गेलो. पहिलाच प्रवास. मला कवा एकदा समुद्र बघतो असं झालेलं. घाट सुरू झाला नि हे असे झाले. तवापासनं, विहीणबाई, जिथं गेलो तिथं मी ह्यांच्या तोंडाकडं बघत गेलो. कधी पांढरं पडतंय, कधी पिशवी पुढं करायची. नरसोबाच्या वाडीला गेलो, मुंबईला गेलो, तुमच्या न्यूझीलंडला आलो. सगळी वाट मी ह्यांच्या तोंडावर बघितली. खिडकीबाहेर काय असतं ते मला ठावकीच नव्हतं." त्या हसल्या. "त्यांचा काय दोष? त्यांनाबी कुठं बघाय मिळालं?"

संध्याकाळी उतरलो त्या डोंगरातल्या गावात जेवताना त्यांनी शांतपणे सांगितलं, "तुमची रजा संपत आली न्हवं? तुम्ही जावा. मी पुढं जातो. पेरूला."

मला वाटलं थट्टा आहे. त्यांनी पासपोर्ट काढून दाखवला. पेरूचा व्हिसा त्यांनी वेलिंग्टनमध्येच करून घेतला होता, आणि माझ्या गरीब चेहऱ्याच्या जावयाची त्याला फूस होती. मी रागावले, समजावलं, रडायच्या बेतात आले. भाषा येत नाही, एकटी बाई, वय. त्या ऐकून घेत होत्या आणि माझ्या वाटीत सूप वाढत होत्या. शेवटी मी सगळ्यांत मोठं अस्त्र काढलं. "व्याह्यांना काय सांगू मी?"

"जे हाय ते सांगा," त्या म्हणाल्या. "मला न्हाई सांगवणार. मला सांगाय लागलं तर मी जाणारच न्हाई."

तेव्हा गावोगावी फोन करायची दुकानं असायची, लाकडी खोपट्यांची. दुसऱ्या दिवशी मी अशा एका खोपट्यात शिरून लोअर हटला फोन लावला. व्याह्यांनीच उचलला. लाइन खरखरत होती.

"व्याही, मी परत येतेय. पण विहीणबाई पेरूला जायचं म्हणतायत."

"पेरूला?" ते म्हणाले. "आणि मग? पेरू घेऊन लगेच येत न्हाई?"

"फळ नाही हो, देश! पेरू देश! एकट्याच जायचं म्हणतायत, बसनं."

काचेच्या दारातून मला विहीणबाई दिसत होत्या. फुटपाथवर माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

"घाट असतील की तिकडं," व्याही हळूच म्हणाले.

"आहेत. फार मोठे आहेत."

"बरं. विहीणबाई, तिला खिडकी मिळते ना?"

मी नुसतंच "हं" म्हटलं.

"मग जाऊ दे तिला," ते म्हणाले. "म्हणावं, माझं जेवणखाण नीट चाललंय. स्वेटर घाल म्हणावं."

हे मी बाहेर येऊन जसंच्या तसं सांगितलं. विहीणबाईंनी पदरानं, म्हणजे ओढणीनं, चेहरा पुसला आणि पहिल्यांदाच मला कडकडून मिठी मारली. बोलिव्हियातल्याच ला पाझ शहराच्या स्टँडवर आमची ताटातूट झाली. त्यांची बस सकाळच्या उन्हात उभी होती. मी माझ्या गोळ्यांची अर्धी पिशवी त्यांना दिली, चार सूचना दिल्या, त्या सगळ्यांना त्यांनी "व्हय" म्हटलं. बस हलली. मला वाटलं होतं त्या हात करतील. पण बस फाटकातून वळली तेव्हा त्या पुढं बघत होत्या, काचेला कपाळ लावून; आणि मी विमानतळाच्या टॅक्सीत बसले ती पांढरा कोट घालायला.

पुढचा दीड महिना आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. कुठल्याशा इंटरनेट कॅफेतून कुणी परकी पोरं त्यांच्या वतीनं दोन ओळींची ईमेल करत: तुमची आई ठीक आहे, तिनं आम्हाला जेवायला घातलं. दर वेळी पोरं वेगळी. लेक म्हणायची, "शी हॅज अ फॅन क्लब!" आणि लगेच बाथरूममध्ये जाऊन रडायची. व्याह्यांचं फक्त चालणं वाढलं होतं.

त्या परत आल्या त्या दिवशी वेलिंग्टनला नेहमीचा वारा होता. आम्ही निघताना बघतो तर व्याही गाडीत मागच्या सीटवर बसून, पट्टा लावून तयार. "मी येतो," एवढंच म्हणाले. वाटेत गाडी थांबवावी लागली, परत थांबवावी लागली. विमानतळावर ते खांबाला धरून उभे होते. विहीणबाई बाहेर आल्या. काळ्या पडलेल्या, बारीक झालेल्या, डोक्यावर तिकडच्या बायकांसारखी गोल टोपी. त्यांनी आम्हाला कुणालाच पाहिलं नाही. सरळ व्याह्यांपाशी गेल्या.

"आलासा कसं?"

"गाडीनं," व्याही म्हणाले.

विहीणबाईंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला, जसा ताप बघायला ठेवतात, आणि तो बराच वेळ काढला नाही. जावई उगाचच ट्रॉलीचं चाक बघत बसला.

त्या दीड महिन्याबद्दल विहीणबाई फारसं कधी बोलल्या नाहीत. सगळ्यांना वाटलं होतं, आता आपल्याला वर्षभर हकिगती ऐकायला मिळणार. पण त्या त्याच जुन्या गोष्टी सांगत, माझ्याबरोबरच्या. सिग्नलवाला डोंगर, शिंकलेला अधिकारी. मी गेल्यानंतरचं विचारलं, की "बरं हुतं" म्हणून कणीक मळायला घेत. कधी एखाद्या दुपारी आपणहून म्हणत, "तिथं एक नदी हुती बघा," आणि पुढं काहीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात दोघं इचलकरंजीला परत गेले. व्याह्यांना तिथली माती हवी होती. त्यानंतर त्यांनी प्रवास केला नाही. व्याह्यांचे गुडघे गेले, मग त्यांचं चालणंही गेलं, आणि विहीणबाई घरात अडकल्या. अडकल्या हा माझा शब्द, त्यांचा नाही.

मी मात्र अजून अर्ध्यावरून परत आलेलीच आहे. दुकानात पाठीवर सॅक टाकलेली पोरं उंचीच्या गोळ्या मागायला येतात, तेव्हा गोळ्या मोजता मोजता मी विचारते, ला पाझच्या वर जाणार का? ती हो म्हणतात, आणि मला त्यांचा थोडा हेवा वाटतो. काय असेल वर? मी रविवारी इचलकरंजीला फोन करते. इकडचं तिकडचं झालं, की हळूच विचारते. विहीणबाई टाळतात. एकदाच, गेल्या दिवाळीच्या सुमाराला, कोण जाणे का, त्यांनी सांगितलं.

बस बिघडली होती म्हणे. एका लहानशा गावात. सकाळची वेळ. ड्रायव्हर गाडीखाली शिरला. समोरच्या घराच्या पायरीवर एक बाई शेंगा सोलत बसली होती, तिनं सरकून जागा केली. ह्या जाऊन बसल्या आणि सोलायला लागल्या. तिला ह्यांची भाषा येत नव्हती, ह्यांना तिची. दुपारी तिनं काहीतरी खायला दिलं. मग ती झोपली, ह्याही तिथंच ओसरीवर झोपल्या. उठल्यावर पुन्हा शेंगा. समोर डोंगर, त्यावर ऊन सरकत होतं. कुणी काही विचारत नव्हतं. ऊन कलल्यावर गाडी सुरू झाली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, सगळे चढले.

"मी सगळ्यांत शेवटी चढलो," विहीणबाई म्हणाल्या. "विहीणबाई, माझा पाय उचलत नव्हता."

मी विचारलं, "गावाचं नाव काय?"

"विचारलं न्हाई."

"असं कसं? पाटी असेल ना कुठंतरी."

"असंल की. मीच तिकडं बघितलं न्हाई." मागून व्याह्यांचा आवाज आला, कुणाचा फोन म्हणून. त्या फोनवर हात ठेवून काहीतरी म्हणाल्या, आणि परत माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "नाव कळलं असतं तर मी परत गेलो असतो ओ. आणि हे हितं हायत." मग नेहमीच्या सुरात, "ठेवतो. भाकरी करपंल."

माझ्याकडे त्या भागाचा एक मोठा नकाशा आहे, जावयानं आणून दिलेला. कधी दुकान लवकर बंद झालं, की मी तो जेवणाच्या टेबलावर पसरते, ला पाझवर बोट ठेवते आणि रस्त्यारस्त्यानं हळूहळू वर नेते. गावं पुष्कळ आहेत.